चित्राचा अर्थ लावताना बोट कुठे ठेवायचं?

आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी गावातले काही पोट्टे-पोट्टी चित्र पाहायला बसतात. कोणाला एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाला जायचंय, कोणी निबंधस्पर्धेसाठी येतं, एकदोघं नुसते पंखा चालू असतो म्हणून येतात, चालते. त्यांच्या वह्या मी तपासतो आणि जवळपास प्रत्येक वहीत एक वाक्य सापडतंच: "या चित्रातून चित्रकाराने समाजातील विदारक वास्तव मांडले आहे." आता हे वाक्य तुम्ही कोणत्याही चित्राखाली चिकटवा, चिकटते. चित्र बदललं तरी वाक्याला काही फरक पडत नसेल तर ते त्या चित्राबद्दल नाहीच ना.

याच्या उलटी चूक करणारेही आहेत, ते चिन्हांची डिक्शनरी पाठ करून येतात, लाल म्हणजे क्रांती, काळा म्हणजे दुःख, कबुतर म्हणजे शांती, पिंजरा म्हणजे बाईमाणूस. मग चित्र पाहायची गरजच काय उरली.

म्हणून ही पद्धत लिहून काढतोय. नियम एकच आहे, जो अर्थ सांगाल त्यासाठी चित्रावर बोट ठेवता आलं पाहिजे. आमच्याकडे कोणी लांबलचक फेकायला लागला की बाकीचे ओरडतात, "बोट ठेव बे!"

उदाहरणाला मुख्य चित्र एकच घेतो. फ्रेंच चित्रकार मिले याचं १८५७ सालचं, कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायांचं. 'ग्लीनर्स' म्हणून शोधलं की नेटवर लगेच मिळते. हेच का, तर आपल्याकडे या कामाला शब्द आहे, सरवा. मालकाचा माल घरी गेल्यावर वावरात जे पडून राहते ते वेचायचं. शहरातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागते, आपल्या पोरांना नाही. आणि हाच फायदा पुढे घातही करतो, ते चौथ्या टप्प्यात येईलच.

## तयारी

पहिले चित्राची चांगली प्रत मिळवा. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो घेऊ नका, तो बहुतेक वेळा कापलेला असतो आणि कापलेल्या कडेलाच नेमकं कामाचं काहीतरी असतं. चित्र ज्या म्युझियममध्ये आहे त्यांच्या साइटवरून घ्या, मिलेचं हे चित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. एकच चित्र तीन साइटवर उघडून पाहा, एकीकडे आभाळ पिवळं दिसेल, दुसरीकडे राखाडी, म्हणून फक्त रंगाच्या छटेवर मोठा अर्थ उभा करायचा नाही. मोबाईलचा ब्राइटनेस वाढवा आणि तो डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद करा, एका पोट्ट्यानं त्या मोडमध्येच पाहून "संपूर्ण चित्रावर सायंकाळची उदास छटा" असं दीड पान लिहिलं होतं.

मग माप. मोबाईलवर सगळी चित्रं तळहाताएवढीच दिसतात. मिलेचं चित्र साधारण ८४ बाय ११२ सेंटीमीटर आहे, भिंतीवर खडूनं तेवढा चौकोन आखा आणि त्याच्यासमोर उभे राहा. पिकासोचं 'गेर्निका', म्हणजे स्पेनमधल्या बॉम्ब पडलेल्या गावाचं चित्र, आखायला गेलो तर भिंत पुरली नाही, साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब, शेवटी बाहेर अंगणात दोरी लावून आखलं. त्या दोरीच्या आत उभं राहिल्यावर पोरं आपोआप हळू बोलायला लागली. माप कळलं की अर्ध्या गोष्टी न सांगता कळतात.

चित्राचं नाव, साल, चित्रकार हे सगळं कागदानं झाकून ठेवा. वहीत तीन रकाने पाडा: काय दिसते, कुठे दिसते, मला काय वाटते. तिसरा रकाना चौथ्या टप्प्यापर्यंत रिकामा ठेवायचा. हात शिवशिवतो, मला माहीत आहे, तरी ठेवा. आणि चुकून काही वाटलंच तर ते त्याच रकान्यात कोंडायचं, पहिल्यात येऊ द्यायचं नाही.

थांबा: प्रत धूसर असेल, माणसांचे हात नीट दिसत नसतील तर पुढे जाऊच नका. हात दिसले नाहीत तर कामाबद्दलच्या चित्राचं काय वाचणार?

## टप्पा १: दहा मिनिटं गप्प पाहा, मग यादी करा

दहा मिनिटं म्हणजे खरंच दहा, मोबाईलवर टायमर लावा. तिसऱ्या मिनिटाला वाटते सगळं पाहून झालं आणि सहाव्या मिनिटानंतर नवीन दिसायला लागते.

यादीत फक्त वस्तू आणि क्रिया लिहायच्या. "गरीब बाई" लिहायचं नाही, गरिबी दिसत नसते, तुम्ही ती काढलेली असते. काय दिसलं म्हणून गरीब वाटली ते लिहा: जाड कापड, डोक्याला रुमाल, कमरेला बांधलेल्या कापडाची ओटी. एकीचा रुमाल निळा, दुसरीचा लाल, तिसरीचा पिवळट. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. चेहरे सावलीत.

इथे एक किस्सा सांगतोच. नातवाला न्यायला आलेली एक काकू मागे उभी राहून पाहत होती, ती म्हणाली, "ते पाहा, त्या डावीकडच्या बाईनं कंबर धरली. दिवसभर वाकून वाकून दुखून राहिली तिची." सगळ्यांनी पटकन लिहून घेतलं, मीही मान हलवली. मग झूम केलं तर पाठीवर ठेवलेल्या त्या हातात कणसांची मूठ आहे, तिनं कंबर धरलेली नाही, वेचलेलं मागे धरलं आहे. मी काकूला दाखवलं तर ती म्हणे, "मंग तं अजूनच खरं. एक हात वेचाले लागते, तं वेचलेलं ठेवावं कुठं?" म्हणजे चूक पाहण्यात होती, समज बरोबर होती. "पाठीवरच्या हातात कणसं" हे पहिल्या रकान्यात गेलं आणि "कंबर दुखत असेल" तिसऱ्यात.

तपासा: यादीत "दुःखी", "शोषित", "निरागस", "अन्याय" यातला एकही शब्द पहिल्या रकान्यात आहे का? असेल तर खोडा आणि तो शब्द कशामुळे सुचला ती वस्तू लिहा.

## टप्पा २: कोण कुठे आहे ते मोजा

बहुतेक लोक हा टप्पाच गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच आहे. समाजाबद्दल चित्राला जे बोलायचं असते ते बऱ्याचदा जागेच्या वाटपातून बोललेलं असते, कोणाला किती जागा दिली, कोण पुढे, कोण लांब, उजेड कोणावर.

झेरॉक्सवर पेन्सिलनं जमीन जिथे आभाळाला भिडते ती आडवी रेघ काढा. पूर्ण वाकलेल्या दोघींची डोकी त्या रेघेच्या खालीच राहतात, म्हणजे त्या सगळ्याच्या सगळ्या मातीच्या रंगात बुडालेल्या आहेत. आता मागचा भाग पाहा. लांब उजेडात गंज्या आहेत, लादलेली बंडी म्हणजे गाडी आहे, बऱ्याच लोकांची लगबग आहे, आणि उजव्या बाजूला मागे घोड्यावर बसलेला एक माणूस, इतका लहान की पहिल्या खेपेला कोणाला दिसतच नाही.

आता कागद घ्या आणि मागचा सगळा भाग झाकून टाका. उरल्या तीन कष्टाळू बाया, बस, कॅलेंडरवर छापता येईल असं चित्र. कागद काढा. गंज्या, बंडी आणि घोडेस्वार परत आले की "बाया काय करतात" हा प्रश्न बाजूला पडतो आणि "माल कोणाचा, उरलेलं कोणाचं" हा प्रश्न उभा राहतो. हा झाकायचा प्रयोग प्रत्येक चित्रावर करायचा, एकेक तुकडा झाकून चित्र काय गमावते ते पाहायचं. ज्या तुकड्याशिवाय चित्राचं बोलणंच बदलते तो तुकडा महत्त्वाचा.

थांबा: फोटोत लहान दिसते म्हणजे बिनमहत्त्वाचं, असं नाही. घोडेस्वार लहान आहे पण तो घोड्यावर आहे आणि बाया वाकलेल्या आहेत, हे विसरू नका.

## टप्पा ३: संशयित निवडा

आता कुठे चिन्हांकडे यायचं. चित्रातली प्रत्येक वस्तू चिन्ह नसते. आभाळात पक्षी आहेत, ते नुसते पक्षी असू शकतात, कापणीनंतर वावरात पक्षी येतातच.

संशय कशावर घ्यायचा? जे परत परत येते, किंवा जिथे असायला नको तिथे आहे, किंवा गरजेपेक्षा जास्त उजेडात वा अंधारात आहे. गेर्निकामध्ये लढाईच्या गदारोळावर डोळ्याच्या आकारात एक विजेचा बल्ब आहे, तो तिथे कशाला? खाली पडलेल्या माणसाच्या हातात तुटलेली तलवार आणि जवळच एक फूल. विमानांनी बॉम्ब टाकलेल्या गावाच्या चित्रात तलवार! हे असं अडकायला झालं की तो संशयित.

मिलेमध्ये बल्बासारखं काहीच नाही आणि इथेच पोरं गडबडतात, चिन्ह सापडत नाही म्हणून रुमालाला धरतात, "लाल रुमाल म्हणजे क्रांती." का? शेजारी निळा आहे, पिवळट आहे, त्यांचं काय? काही चित्रांत चिन्ह वस्तूत नसते, अंगाच्या ठेवणीत असते. इथे वाकणं हेच ते. दोघी एकसारख्या वाकल्या, तिसरी वाकायच्या किंवा उठायच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे एकाच कामाच्या पायऱ्या दिसतात, हे काम संपत नाही, तेच तेच चालू राहते. यावर बोट ठेवता येते.

तीनपेक्षा जास्त संशयित घेऊ नका. दहा घेतले तर एकाचीही चौकशी धड होत नाही.

## टप्पा ४: चिन्ह कोणाच्या गावचं आहे ते विचारा

इथे माझीच फजिती सांगतो. कॉलेजात असताना मी गेर्निकातल्या बैलावर लिहिलं होतं की तो शेतकऱ्याचा सोबती आहे, युद्धात त्याचाही बळी जातो, वगैरे. पोळ्याला बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकणाऱ्या घरातला मी, मला बैल दिसला की सर्जाच आठवणार. पण स्पेनमधला बैल झुंजीच्या रिंगणातला आहे, तिथे तो मारतोही आणि मरतोही. चित्रात तो डाव्या कडेला उभा आहे, त्याच्या खाली मेलेलं लेकरू घेऊन आई आक्रोश करते आहे, आणि मधला घोडा जखमी होऊन किंचाळतो आहे तसा बैल किंचाळत नाही. तो जुलमाचा आहे की स्पेनचाच आहे यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. पण माझा सर्जा त्यात कुठेच नव्हता, मी त्याला दोर धरून चित्रात नेऊन बांधला होता.

म्हणून प्रत्येक संशयिताला तीन प्रश्न विचारा. चित्र जिथे काढलं तिथे या वस्तूचा रोजचा वापर काय? तिथल्या सणात, धर्मात, गोष्टींत ती काय म्हणून येते? आणि या चित्रात तिच्या शेजारी काय ठेवलं आहे? पहिल्या दोघांची उत्तरं नेटवर, पुस्तकात मिळतील. तिसऱ्याचं फक्त चित्रात मिळते आणि भांडण झालं तर तिसरंच खरं धरायचं.

पांढरं लुगडं आपल्याकडे विधवेचं, युरोपात पांढरा झगा नवरीचा. घुबड आपल्याकडे दारावर बसलं की अपशकून, जुन्या ग्रीक लोकांकडे बुद्धीच्या देवीचं, बंगालात लक्ष्मीचं वाहन. हे माहीत असेल तर निदान घाई होत नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनंही खरी आहे, आपल्यावर काढलेली चित्रं पाहा ना. विदर्भातल्या शेतकऱ्याचं पोस्टर म्हटलं की भेगाळलेली जमीन, आभाळाकडे पाहणारा म्हातारा आणि झाडाला दोर, शाळेच्या स्पर्धेत दरवर्षी तेच. आता काळ्या मातीच्या वावरात राहणाऱ्या कोणालाही विचारा, कापसाची काळी जमीन वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतातच, ज्या वर्षी भरपूर पिकलं त्या वर्षीही पडतात. पावसाळ्यात हिरव्यागार पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, बोंडअळी शिरते तेव्हा जमिनीला एक भेग नसते. भेगेचं चिन्ह चित्रकारानं दुसऱ्या चित्रावरून उचललं आहे, वावरावरून नाही. असं उचललेलं चिन्ह ओळखता येणं हाही अर्थ लावण्याचाच भाग आहे, आणि ते आपल्या पोरांना इतरांपेक्षा चांगलं जमायला पाहिजे.

तपासा: तुम्ही दिलेला अर्थ चित्रकाराच्या गावच्या माणसाला सांगितला तर तो हसेल का?

## टप्पा ५: आता लेबल उघडा

साल, ठिकाण, कशासाठी काढलं, पहिल्यांदा कुठे दाखवलं, एवढंच घ्या. चरित्रात वाहून जायचं नाही.

सालाची किंमत काय ते सांगतो. व्हॅन गॉगचं बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं चित्र आहे, अंधारी खोली, एक दिवा, हाडकुळे हात. एका वहीत होतं की कान कापून घेतल्यामुळे त्याच्या मनातला अंधार चित्रात उतरला. चित्र १८८५ चं, कानाचा प्रकार १८८८ च्या डिसेंबरातला. तीन वर्षं आधीच कसा उतरला बाप्पा? आणि चित्रकारानं स्वतः भावाला पत्रात लिहून ठेवलं आहे की ज्या हातांनी हे लोक ताटात हात घालतात त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणजे परत हातच पाहायचे.

मिलेचं चित्र १८५७ मध्ये पॅरिसच्या मोठ्या सरकारमान्य प्रदर्शनात लागलं. नऊच वर्षांपूर्वी, १८४८ मध्ये तिथे क्रांती झाली होती आणि पैसेवाल्यांच्या मनात गोरगरिबांची धास्ती ताजी होती. सरवा वेचायची मुभा तिथे गरिबांना होती पण कापणी आटोपल्यावर आणि नजरेखाली, म्हणून घोड्यावरचा तो माणूस बहुधा मालकाचा कारभारी, असं मानतात. एका टीकाकाराला तर या तीन बायांच्या मागे १७९३ चे, म्हणजे आधीच्या फ्रेंच राज्यक्रांतीतले, वधस्तंभ दिसले होते. तीन बाया खाली वाकून कणसं वेचतात आणि पाहणाऱ्याला वधस्तंभ दिसतो, यावरून चित्रापेक्षा पाहणाऱ्याबद्दलच जास्त कळते, पण तेही नोंदवायचं.

थांबा: लेबल उघडल्यावर पहिल्या दोन रकान्यांत काही बदलायचा मोह झाला तर बदलू नका, खाली नवीन ओळ लिहा. काय पाहिलं आणि काय नंतर कळलं हे वेगळं राहिलं पाहिजे.

## टप्पा ६: समाजावर काय म्हणते ते काढा

काम कोण करते? माल कोणाकडे आहे? पाहते कोण? आणि जो असायला पाहिजे होता तो कोण गायब आहे? चारही उत्तरं बोट ठेवून द्यायची, चौथ्यासाठी मोकळ्या जागेवर बोट ठेवा. मिलेमध्ये मालक स्वतः दिसत नाही, त्याच्या वतीनं घोडा दिसतो. आपल्या त्या भेगांच्या पोस्टरमध्ये शेतकरी आहे, आभाळ आहे, पण व्यापारी नाही, काटा नाही, कर्जाचा कागद नाही, औषधाचा डबा नाही. म्हणजे ते पोस्टर म्हणते की दोष आभाळाचा. काढणाऱ्याला तसं म्हणायचं नसेलही, पण चित्र तसंच म्हणते.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची, म्हणजे वाईट गोष्टींच्या बाईरूपी पुतळ्याची, मिरवणूक निघते, काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबत बडगे म्हणजे टीका करणारे पुतळे असतात, कोणी महागाईचा, कोणी भ्रष्टाचाराचा, गळ्यात पाटी अडकवलेला. बडग्याचा फोटो घ्या आणि पाटी झाकून वाचायचा प्रयत्न करा. पाटीशिवाय कळला तर तो चित्र म्हणून जमला, नाही कळला तर सगळं काम अक्षरांनी केलं. पोळ्यात बैलाच्या पाठीवर रंगानं लिहितात ना, मालाला भाव द्या म्हणून, तिथे मात्र अक्षरं आणि अंग दोन्ही लागतात, तीच अक्षरं भिंतीवर लिहिली तर नुसता नारा, बैलाच्या अंगावर लिहिली की ज्याच्या जिवावर पिकलं तोच बोलतो असं होते.

## टप्पा ७: उलट बाजूनं एकदा भांडा

तुमच्या अर्थाच्या विरुद्ध अर्थ लिहून पाहा, प्रामाणिकपणे. "मिलेनं अन्याय नाही, शेतीकामाचा मोठेपणा दाखवला आहे." याला आधार? आहे ना. बाया मोठ्या आहेत, मूर्तीसारख्या भरीव आहेत, कोणी रडत नाही, भीक मागत नाही. मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरचा, आणि आपण समाजवादी नाही असं तो म्हणायचा. मग तुमचा अर्थ खोटा? नाही, पण "निषेध" हा शब्द जड झाला, तो हलका करावा लागेल. या टप्प्यात अर्थ थोडा झिजतो, झिजू द्या. अजिबात झिजला नाही तर तुम्ही भांडलाच नाहीत.

## टप्पा ८: लिहा

क्रम असा ठेवा, दिसलं ते, जागा, मग अर्थ, मग काळ, आणि शेवटी शंका. आमच्या एका पोरीनं तिसऱ्या खेपेला लिहिलेलं देतो, भाषा थोडी सुधारली आहे:

"पुढे तीन बाया वाकून कणसं वेचतात, मागे उजेडात गंज्या आणि भरलेली बंडी आहे. दोघींची डोकी जमिनीच्या रेघेवर जात नाहीत. जेवढा माल मागे आहे त्याच्यापुढे त्यांच्या मुठीतलं अगदीच थोडं आहे, आणि मूठ व गंजी यांच्या मधली जमीन मोकळी आहे, ती कोणी ओलांडत नाही. घोड्यावरचा माणूस लांब आहे तरी त्याच्यामुळे कळते की वेचण्यावर नजर आहे. १८४८ नंतरच्या फ्रान्समध्ये हे चित्र श्रीमंतांना टोचलं असेल. पण बाया लाचार दाखवलेल्या नाहीत, म्हणून चित्रकार कीव करतो की मान देतो हे मला अजून ठरवता येत नाही."

यात "विदारक वास्तव" कुठेही नाही, आणि हे दुसऱ्या कोणत्या चित्राखाली चिकटवून दाखवा.

लिहून झालं की वही दोन दिवस बंद ठेवा. मग ज्यानं हे चित्र कधीच पाहिलं नाही अशा कोणाला तरी, घरात आजोबा असतील तर त्यांनाच, वाचून दाखवा आणि ऐकता ऐकता कागदावर ढोबळ आकृती काढायला सांगा, काड्यांची माणसं चालतील. त्यांच्या कागदावर घोडेस्वार पुढे आणि बाया मागे आल्या तर दुसऱ्या टप्प्यापासून परत सुरू करा.